शेळ्यांच्या खडकावर सासू

फानियासच्या घरी दुसरी मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी म्हणून डोंगरापलीकडून आलेली सासू परत जायचं नाव काढीना, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

सासूचं नाव गोर्गो. तिचं गाव याच बेटावर होतं, पण मधे डोंगराची उभी धार. इतकी चढण चढून आलेला माणूस लगेच उतरून जात नाही, हे फानियासला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. बाळाचं नाव ठेवून झालं, बाळ बसायला लागलं, त्याला दात आले, तरी गोर्गो म्हणायची, "डोंगर चढायचा म्हणजे गुडघे नकोत का?" आणि त्याच गुडघ्यांनी रोज सकाळी गावच्या झऱ्यावर चढून जायची. साऱ्या गावाला पाण्याची जागा ती एकच. कोणाच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय, ते तिथे कळायचं. गोर्गोला गावाची जेवढी माहिती झाली तेवढी तिथेच जन्मलेल्या फानियासला नव्हती.

मुलीला, म्हणजे मेलिताला, तिने आंदणात शेळ्या दिल्या होत्या. बेटावर चाऱ्याची कायमची बोंब. जी काही मूठभर माती, ती जव आणि द्राक्षांना पुरत नसे. म्हणून शेळ्या समोरच्या ओसाड खडकावर नेऊन सोडायच्या आणि लागेल तेव्हा होडीने जाऊन आणायच्या, अशी तिथली रीत. खडक उत्तरेला, अगदी समोर. किनाऱ्यावरून शेळी काळी की पांढरी ते दिसायचं, पण बोकड की शेळी ते कळायचं नाही.

एके सकाळी गोर्गो म्हणाली, "शेळ्या ठणठणीत आहेत म्हणतोस, पण बघितल्यात कोणी?"

"मी बघितल्यात, आई."

"म्हणूनच विचारते."

मग काय, फानियासने होडी काढली. समुद्र तेलासारखा शांत होता. खडकावर उतरल्या उतरल्या गोर्गोने शेळ्यांकडे पाहिलं, तर त्या ठणठणीत निघाल्या. तिचा जरा विरसच झाला. मग तिला खडकाच्या खळग्यांत वाळलेलं मीठ दिसलं. पांढरंशुभ्र, नुसतं खरवडून घ्यायचं.

"टोपली आणली नाहीस?"

"शेळ्या बघायला टोपली कशाला, आई?"

"जा, घेऊन ये. तोवर मी मीठ गोळा करून ठेवते."

फानियासने उत्तरेकडे पाहिलं. दूर, आभाळ टेकतं तिथे, पाण्यावर एक पांढरी रेघ उमटली होती. व्याधाचा तारा पहाटे दिसू लागला की उत्तरेचा वारा कधीही सुटतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. "आई, ती रेघ बघा. आधी दोघं घरी जाऊ. मिठाला उद्या येऊ."

"रेघ कसली? तुला वल्ही मारायचा कंटाळा, दुसरं काय."

फानियासला आयुष्यात सगळं जमलं, या बाईला नाही म्हणणं तेवढं जमलं नाही. तो निघाला. निम्म्या वाटेवर असताना रेघ त्याच्यापाशी पोचली. वाऱ्याने होडी उचलली ती थेट गावच्या किनाऱ्यावर, गोट्यांवर आणून आपटली. फानियास वाचला. होडीचा तळ मात्र असा फाटला की त्यातून कुत्रं आरपार गेलं असतं.

तो उठून उभा राहिला तेव्हा लाटा पुरुषभर उंच फुटत होत्या, आणि पलीकडे खडकावर सासू उभी होती.

अख्खं गाव गोळा झालं. मेलिता बाळाला कडेवर घेऊन धावत आली. "आई कुठाय?"

फानियासने बोट दाखवलं.

"तुम्ही एकटेच आलात?"

"त्यांनीच पाठवलं. टोपली आणायला."

"टोपली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि चारजण खोकले. सासूला ओसाड खडकावर ठेवून जावई टोपलीसाठी घरी आला, हे ज्याला खरं वाटेल असा जावई त्या गर्दीत एकही नव्हता.

तेवढ्यात गोर्गोचा आवाज आला. वारा तिच्याकडून गावाकडे. शब्द न् शब्द असा स्वच्छ, जणू ती शेजारच्या दगडावर बसली होती. "फानियास! मेल्या! सोडून गेलास मला! मारायला आणलंस मला इथे!"

"आई, येतोय मी! होडी फुटली!" फानियासने घसा ताणला. पण त्याचं बोलणं वाऱ्याने त्याच्याच तोंडात परत कोंबलं. पलीकडे तिने कानाला हात लावला, वाट पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या वर्षीचा बेटाचा कारभारी थ्रासिलोस होता. त्याने दाढी कुरवाळली. "सगळ्यांनी ऐकलंत ना? बाईचं काही बरंवाईट झालं, तर वारा पडल्या पडल्या सभा भरवतो. हा खुनाचा मामला आहे. बेटावरून हाकलून देण्याखेरीज दुसरी शिक्षा नाही."

फानियासने खडकाकडे पाहिलं. बेट सुटलं म्हणजे घर, वेल, झरा, पोरी, सगळंच सुटलं. त्या समुद्रात ज्याला आपलं बेट नाही त्याला दुसरं बेट उभं करत नाही. आणि खडकावर पाणी म्हणजे कपारीतलं पावसाचं कुंड. उन्हाळ्यात त्याचा तळ दिसतो आणि उरलेल्यात शेळ्यांचा वाटा असतो.

अशा लाटांत टिकेल अशी धड नाव गावात एकट्या दामोनची. दामोन द्राक्षाच्या दारूचा व्यापारी. त्याची नाव होती दक्षिणेच्या बंदरात, डोंगराच्या आडोशाला. फानियास त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"या वाऱ्यात? बेटाच्या टोकाला वळसा घालून?" दामोन म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझं? नाव फुटली तर लाकूड कुठून आणू? या बेटावर दात कोरायला काडी मिळत नाही."

"अरे, माणूस मरेल तिकडे!"

"आवाजावरून वाटत नाही," दामोन म्हणाला.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी लोक भाकरी आणि जैतुनाची फळं बांधूनच किनाऱ्यावर आले. फानियास कसा घोरतो, सुके अंजीर रांजणामागे कसे लपवतो, समुद्रावर गेला की डोळे कसे मिटतो, सगळं गोर्गोने एकामागून एक सांगितलं. लोक मांड्या थोपटून हसले. दामोन तर पोट धरून गोट्यांवर लोळला. "अंजीर! रांजणामागे!"

मेलिताने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा. मुद्दाम तर नाही ना सोडलंत?"

"मी?"

"अंजिरांचं खरं निघालं, म्हणून विचारते."

तिसऱ्या दिवशी फानियासविषयीचं सगळं सांगून संपलं. पण गोर्गोला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. पलीकडून एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणजे आपलंही कोणाला जात नसणार, असा तिने सरळ हिशोब केला आणि ती शेळ्यांशी बोलू लागली. सवय वरच्या पट्टीत बोलायची. ती शेळ्यांसाठी कशाला बदलेल? तिने त्यांना गावातली नावंही दिली.

"ये रे दामोन, ये. तुझी दाढी अगदी त्याच्यासारखी. तो दामोन काय करतो माहीत आहे का? खिऑस बेटावरच्या उंची दारूच्या रिकाम्या कुंभांत इथलीच आंबट दारू भरतो आणि खिऑसची म्हणून विकतो! त्याची बायको झऱ्यावर ते कुंभ विसळताना मी या डोळ्यांनी पाहिलंय."

किनाऱ्यावर हसू थांबलं. ज्यांनी मुलींच्या लग्नात ती दारू खिऑसची म्हणून घेतली होती, ते सगळे हळूहळू दामोनकडे वळले.

दामोन उठला. "म्हातारी बाई तिकडे उन्हात तडफडतेय आणि आपण बघत काय बसलोय?" तो ओरडला. "माणुसकी आहे की नाही? माझी नाव घ्या!"

"पण टोकाला वळसा..."

"वळसा कशाला? बेट मधे चिंचोळं आहे, तिथून जमिनीवरून ओढत आणू, या किनाऱ्याला!"

थ्रासिलोस म्हणाला, "घाई करू नका. ओढायला खाली ओंडके लागतील. ओंडके कुठे आहेत? वारा पडेपर्यंत थांबावं, असं कारभारी म्हणून माझं मत आहे."

वाऱ्यावरून आवाज आला. "आणि ही लबाड शेळी म्हणजे आपला थ्रासिलोस. दुसऱ्याचं खाते बघा कशी! पहाटे उठून वरच्या शेजाऱ्याच्या मळ्यातली माती पाट्यांनी आपल्या मळ्यात नेऊन टाकतो. वर म्हणतो, पावसाने वाहून आली! उन्हाळ्यात कुठला रे पाऊस?"

जिथे धान्यापेक्षा माती महाग, तिथे मातीचोरासारखी दुसरी शिवी नाही. थ्रासिलोसचा चेहरा जवाच्या पिठासारखा झाला. मग तो गरजला, "माझ्या घराची दारं काढा! चौकटीसकट! नावेखाली घाला! काय बघत उभे राहिलात? अजून कोणाकोणाची नावं शेळ्यांना द्यायची राहिली असतील, ते लक्षात घ्या!"

ते सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. दुपारपर्यंत गावात एका घराला दार उरलं नाही. दारं, चौकटी, मागाचे खांब, सगळं आडवं पडलं आणि त्यावरून दामोनची नाव मधली टेकडी चढू लागली. पुरुष, बायका, गुलाम, पुजारी, झाडून सगळे दोराला. गोर्गोचा आवाज वाढला की ओढायचा जोरही वाढे.

दिवस कलता कलता नाव उत्तरेच्या किनाऱ्याला लागली, आणि त्याच सुमाराला गोर्गोचा आवाज थांबला.

सकाळपासून जे तो थांबावा म्हणून नवस बोलत होते, ते आता कान देऊन उभे राहिले. नुसता वारा. खडकावर शेळ्या फिरत होत्या, त्यांत माणूस दिसेना. "पाणी संपलं असेल," कोणीतरी हळूच म्हणालं. मेलिता खाली बसली. कोणी हसलं नाही.

लाटांत नाव घालणं शक्य नव्हतं. पहाटे वारा क्षणभर श्वास घेतो, तेव्हा निघायचं ठरलं. फानियास किनाऱ्यावरच बसून राहिला. तांबडं फुटायच्या आधी त्याला आवाज आला. बसलेला, खरखरीत, पण तोच.

"तू पांढरी, तू शहाणी. म्हणून तुला सांगते. माझा जावई चांगला आहे गं. पांढरी रेघ त्याला दिसली होती, तरी गेला. मीच पाठवला, टोपलीसाठी. आता मी मेले तर लोक त्याच्यावर आळ घालतील. माझ्या पोरीला असा नवरा शोधूनही मिळाला नसता." मग जरा थांबून, "पण हे त्याला कधी कळता कामा नये. डोक्यावर बसेल."

फानियासने इकडेतिकडे पाहिलं. दामोन नावेत घोरत होता. ऐकणारा तो एकटाच होता.

वारा ओसरताच नाव निघाली. वल्ह्यावर फानियास असा सुटला की दामोनला त्याला आवरावं लागलं. या खेपेला त्याने डोळे मिटले नाहीत. खडकाच्या कपारीत गोर्गो बसली होती, ओठ फुटलेले, मांडीवर पांढऱ्या शेळीचं डोकं. तिने फानियासला खालून वर पाहिलं.

"टोपली कुठाय?"

 टोपली विसरली होती.

किनाऱ्यावर तिला पाणी पाजलं, सावलीत बसवलं. सारं गाव भोवती, कोणाच्या घराला दार नाही. घशाला ओलावा आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "काय रे, मी तिकडे बोलत होते, ते इकडे ऐकू येत होतं की काय?"

थ्रासिलोसने दामोनला कोपराने ढोसलं.

"छे हो, गोर्गोबाई!" दामोन म्हणाला. "या वाऱ्यात कुठलं काय ऐकू येतंय!"

"एक अक्षर नाही," थ्रासिलोस म्हणाला. "झ्यूसची शपथ."

"पण..." वरच्या मळ्याचा मालक बोलायला लागला. थ्रासिलोसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. पावसाळ्याआधी त्या मळ्यातली माती गुपचूप परत आली. खिऑसची दारू मात्र त्या वर्षापासून गावात मिळेनाशी झाली.

"मग ह्यांच्यावरच्या सभेचं काय?" मेलिताने विचारलं.

"कसली सभा?" थ्रासिलोस म्हणाला. "कोणी काही ऐकलंच नाही, तर सभा कशावर भरवायची?"

गोर्गोने फानियासकडे रोखून पाहिलं. "आणि तू? तू ऐकलंस काही?"

"नाही, आई. काहीच नाही."

पुढे गोर्गो त्याच घरात राहिली. दर उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की म्हणायची, "याने मला मारायला नेलं होतं बरं का." फानियास मान खाली घालून हसायचा.

"हसतोस काय?"

"काही नाही, आई. वारा आहे."

बऱ्याच वर्षांनी गोर्गोला पुरलं त्या संध्याकाळी वारा दक्षिणेचा होता, गावाकडून खडकाकडे जाणारा. फानियास एकटाच उत्तरेच्या किनाऱ्यावर गेला. आता त्याचीही दाढी पिकली होती. दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "आई, मी ऐकलं होतं!" पलीकडे शेळ्यांनी माना वर केल्या.

गोर्गो, मेलिताची आई, धाकटी नात लग्न होऊन पारोस बेटावर गेली त्या वर्षी, जैतुनाची फळं उतरवायच्या दिवसांत वारली.