बर्फ आधी, बॉल नंतर

कागद दोन्ही बाजूंनी छापलेला होता आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण होते. म्हणजे त्याच्याशी वाद घालण्याची सोय राहिली नव्हती. ‘व्यावसायिक फुटबॉल संघाचा सरावाचा दिवस’ असे त्याचे शीर्षक. मंडळाचा नवा अध्यक्ष नितेश शिवलकर याने तो टेबलावर ठेवला, तेव्हा नुकताच उकरून काढलेला ताम्रपट पाहावा तसे कार्यकारिणीने त्याच्याकडे पाहिले. मिरकरवाड्याच्या बंदर क्रीडा मंडळाला तोवर कोणताही धर्मग्रंथ नव्हता. बावीस वर्षे संघाचा सराव काशीराम तोडणकर यांच्या शिट्टीवर चालत आला होता, आणि शिट्टीला तळटीपा नसतात.

नितेश मुंबईत एका मोठ्या क्लबचा सराव पाहून आला होता. पाहून म्हणजे कुंपणाबाहेरून, पाऊण तास. उरलेला दिवस त्याने इंटरनेटवरून मिळवला होता. परंतु ज्ञानाचा उगम विचारण्याची रीत आपल्याकडे नाही; ते मुंबईहून आले एवढे प्रमाण बंदराला पुरते.

“काशीरामदादा, रागवू नका,” नितेश म्हणाला. “पण तुमी सराव घेता म्हंजे नक्की काय घेता?”

“पळवतो. मग खेळवतो. मग जे चुकलं ते परत खेळवतो.”

“आणि?”

“आणि काय? काळोख पडला की घरी जातात.”

नितेशने कार्यकारिणीकडे करुणेने पाहिले. कार्यकारिणीनेही तत्परतेने करुण चेहरा केला.

“जगात असं आता कोण करत नाय, दादा. रविवारी आंजर्ल्याशी उपांत्य सामना आहे. सहा वर्षं आपण त्यांच्याकडून मार खातोय. गुरुवारी हा कागद जसाच्या तसा पाळायचा. रविवारी हरलो, तर कोल्हापूरचा लायसनवाला कोच आणायचा ठरलंय. आणि कागदातलं काय मोडलंत, तर रविवारपर्यंत थांबायचीपण गरज नाय.”

काशीरामांजवळ टेम्पोचे लायसन होते. ते त्यांनी काढून दाखवले नाही. आठवड्याचे सगळे दिवस ते बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मुकादम होते, आणि तिथे त्यांचे ऐकणाऱ्यांत मुख्यतः बर्फाच्या लाद्या होत्या. मैदानावर मात्र अकरा वाढलेले पुरुष त्यांच्या शिट्टीसरशी डावीकडचे उजवीकडे होत. एवढी सत्ता हातातून गेली की माणसाचे काय होते, हे त्यांनी निवृत्त हेडमास्तरांना बाजारात कांदे निवडताना पाहून ठरवून ठेवले होते. त्यांनी कागद घडी न करता घरी नेला. प्लास्टिकमुळे घडी होतही नव्हती.

गुरुवार उजाडला. जुलै महिना, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. त्यामुळे खेळाडूंना दिवसभर मोकळे असण्याचे निमित्त लागले नाही. पहिले कलम होते वजन आणि प्रश्नावली. वजनासाठी लिलावाच्या शेडमधला मासळीचा काटा उघडण्यात आला आणि काट्यावर नेहमीचा माणूस बसला. त्याने तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक वजनातून टोपलीचे दोन किलो वजा केले. परिणामी अख्खा संघ एका सकाळीत दोन दोन किलोंनी खंगला.

आहाराची व्यवस्था नितेशची मेहुणी मृणाली हिच्याकडे होती. तिने मोबाइलवर पाच आठवड्यांचा आहारशास्त्राचा कोर्स केला होता आणि चौथ्या आठवड्यात कुपोषण होते. तिने आकडे पाहिले आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

“दादा, ही माणसं उपाशी आहेत.”

“दादू?” काशीरामांनी गोलकीपरकडे बोट केले. दादू अडतीस वर्षांचा होता आणि गोलपोस्टचा बराचसा भाग तो न हलता अडवत असे.

“आकडे खोटं बोलत नाहीत,” मृणाली म्हणाली. प्रत्येकी दोन उकडलेली अंडी होती, ती सहा झाली. ओट्सची एक वाटी होती, तिच्या तीन झाल्या.

“ह्या पेजेत मीठ नाय,” दादूने तक्रार केली.

“ती पेज नाही. ओट्स आहेत.”

“मग एखादा सुका बांगडा तरी द्या तोंडी लावायला.”

“आज मासे नाहीत. कागदावर नाहीत.”

मिरकरवाड्याच्या संघाने मासळीवाचून न्याहारी केली, ही घटना इतिहासात नोंदवण्याजोगी होती; पण तेवढ्यात प्रश्नावली आली. झोप, थकवा, वेदना, ताण आणि मूड यांना प्रत्येकाने पाचपैकी गुण द्यायचे होते.

“मूड किती लिहू?” दादूने विचारले.

“तुला वाटेल तो लिही.”

“तसं नाय. बायकोनं वाचलान तर? पाच लिहिला तर म्हणेल घराबाहेर पडल्यावर बरा पाच होतो.”

या शंकेचे निरसन व्यावसायिक फुटबॉलमध्ये कोठेच केलेले नव्हते. संघातल्या सात विवाहितांनी विचारविनिमय करून एकमताने अडीच लिहिले. त्यात पाऊण तास गेला.

पुढचे कलम प्रतिस्पर्ध्याचा चित्रफितीद्वारे अभ्यास. आंजर्ल्याच्या संघाची एकच चित्रफीत उपलब्ध होती आणि ती त्यांचा डावा बचावपटू ऋत्विक याच्या आईने घेतली होती. बेचाळीस मिनिटांत कॅमेरा मुलावरून क्षणभरही हलला नव्हता. सामना कोठेतरी चौकटीबाहेर चालू असल्याचे ओरडण्यावरून समजत होते. ऋत्विक मोजे वर ओढतो, ऋत्विक पाणी पितो, ऋत्विक आईकडे पाहून ‘बस कर’ अशी खूण करतो. नितेशने प्रत्येक हालचालीवर चित्र थांबवून वहीत टिपणे घेतली.

“उजवा मोजा आधी ओढतो,” तो म्हणाला. “ह्याचा उपयोग करायला हवा.”

“करू की,” आघाडीचा खेळाडू गौरव गंभीरपणे म्हणाला. “तो वाकला की गोल मारायचा.”

घड्याळात सव्वादहा झाले. साडेदहाला कागदावर ‘मैदानावर सराव, पंचाहत्तर मिनिटे’ असे कलम होते आणि काशीरामांनी शिट्टी गळ्यात घातलीही होती. त्याच वेळी बर्फाचा टेम्पो आला.

बाराला ‘बर्फस्नान’ होते. बंदीच्या दिवसांत कारखाना थंडच असतो, म्हणजे गरम असतो. काशीरामांनी केवळ या कलमासाठी मालकाला गळ घालून आठ लाद्या पाडून घेतल्या होत्या. टेम्पोवाल्याला गणपतीपुळ्याच्या एका लॉजचे भाडे मिळाले, म्हणून त्याने बर्फ पावणेदोन तास आधी आणला. चुरा केलेला बर्फ मासळीच्या सहा टबांत ओतला गेला आणि काशीरामांच्या डोळ्यांदेखत त्याला पाणी सुटू लागले.

येथे विद्वत्तेचा नव्हे, वंशपरंपरेचा प्रश्न होता. बंदरावर जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही: माणूस थांबतो, होडी थांबते, प्रसंगी मृत्यूही भरतीसाठी थांबतो, बर्फ थांबत नाही. बर्फ फोडून झाला की त्यात काहीतरी घालायचेच. काशीरामांनी मैदानाकडे पाहिले, टबांकडे पाहिले, आणि बावीस वर्षांच्या प्रशिक्षकावर तेहतीस वर्षांच्या मुकादमाने मात केली.

“बर्फ आधी,” ते म्हणाले. “बॉल नंतर.”

नितेशने कागद उलटसुलट करून पाहिला. “क्रम बदलला तर कलम मोडतं का?”

“वेळेपुढं ‘साधारण’ लिहिलंय,” मृणालीने निर्वाळा दिला.

सोळा खेळाडू टबांत बसले. लिलावाच्या शेडमध्ये दोन म्हाताऱ्या जाळी विणत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले आणि बंदी असताना आलेला हा माल कुठला असावा यावर हळू आवाजात चर्चा केली.

“बांगड्यांना काय वाटत असेल ते आज कळलं,” दादू दात वाजवत म्हणाला.

“बांगडा मेल्यावर घालतात रे,” गौरव म्हणाला. “तुझी पाळी आधी आली.”

दहा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचे गुडघे वाकत नव्हते. काशीरामांनी शिट्टी ओठाला लावली.

“थांबा दादा,” मृणालीने हात आडवा केला. “बर्फस्नानानंतर दोन तास अंगाला ताण द्यायचा नाही. स्नायू फाटतील. मागच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरांत.”

काशीरामांनी वाचले. बारीक अक्षरे खरोखरच होती. शिट्टी खाली आली.

दोन तासांनी जेवण आले, कारण ते कागदावर होते. जेवणानंतर नव्वद मिनिटांची सक्तीची झोप होती, आणि येथे नमूद केले पाहिजे की त्या संपूर्ण दिवसात संघाने व्यावसायिक दर्जा गाठला तो या एका कलमात. मंडळाच्या सभागृहात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, सोळा माणसे एका इशाऱ्यात झोपली. जागतिक फुटबॉलला दुपारच्या झोपेचा शोध अलीकडे लागला. रत्नागिरीत दुपारी दुकानदार गिऱ्हाइकाला ती कधीपासून समजावून सांगत आले आहेत.

साडेतीन वाजले. कोणी हलले नाही. काशीराम शिट्टी हातात धरून उभे राहिले.

“दादा, नको,” मृणाली कुजबुजली. “‘झोपेत व्यत्यय आणू नये.’ ठळक अक्षरांत आहे.”

“नितेशला विचार.”

नितेश खेळाडूंच्या रांगेत सातवा होता. तोंड उघडे होते.

कागद मोडला तर आज जाणार, सराव झाला नाही तर रविवारी जाणार, हा हिशेब काशीरामांनी खिडकीत उभे राहून पुन्हा पुन्हा मांडला. समोर मैदान ओले, हिरवे आणि रिकामे पडले होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. संघ आपापल्या सोयीने पाचला उठला, आणि दारात गंगुबाई उभ्या होत्या.

कागदावर ‘फिजिओथेरपिस्टकडून मालिश’ असे होते. मिरकरवाड्यात मालिश म्हणजे गंगुबाई. बंदरावरच्या बाळंतिणी आणि तान्ही बाळे गेली पन्नास वर्षे त्यांच्याच हाताखालून गेली होती.

“बाय, जरा थांबाल?” काशीराम म्हणाले. “पाऊण तास खेळवून घेतो पोरांना, मग तुमच्या ताब्यात.”

“मला साडेसहाला भाटकरांच्या नातीला न्हाऊ घालायचंय. ती काय तुझ्यासारखी रिकामटेकडी नाय. आता, नायतर कधीच नाय.”

कागद पुन्हा जिंकला. गंगुबाईंनी पदर खोचला, खोबरेल तेल कोमट केले आणि दादूला सतरंजीवर लोळवले.

“मेल्या, पाय ताठ कशाला धरतोस? सहा महिन्यांचं पोर तुझ्यापेक्षा गप पडतं.”

“बाय, दुखतंय.”

“तेव्हापण असाच रडायचास. ह्यातल्या अकरा जणांना मी पायावर घेतलंय, मला नको शिकवूस.”

सगळे झाल्यावर सोळा जण तेलाने चकाकत, टाळूवर हात फिरवून घेत बसले. काशीरामांनी अखेरची आशा म्हणून बॉल बाहेर काढला.

“खबरदार,” गंगुबाई म्हणाल्या. “तेल लावलेलं अंग घेऊन पावसात? वारा लागेल. घरी जाऊन पांघरूण घ्या.”

पन्नास वर्षांच्या अनुभवाविरुद्ध बोलेल असा एकही माणूस तेथे नव्हता. संघ पांघरूण घ्यायला गेला.

अहवालाच्या तक्त्यात काशीरामांनी प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण केली. फुटबॉलपुढे त्यांनी स्वच्छ अक्षरांत ‘शून्य मिनिटे’ असे लिहिले. हे वाचून नितेशला धक्का बसेल आणि तो शुक्रवारी सरावाची परवानगी देईल, अशी त्यांची अटकळ होती. नितेशने ‘पंधरापैकी चौदा’ असे गुण देऊन समाधान व्यक्त केले. शुक्रवारपुढे कागदावर ‘विश्रांती’ होती आणि शनिवारपुढे ‘मानसिक तयारी’, म्हणजे नितेशचे भाषण.

रविवारी मैदानावर घोट्याएवढे पाणी होते. ज्याचा मोजान् मोजा संघाने अभ्यासला होता तो ऋत्विक तापाने घरी झोपला होता. त्याची आई मात्र आली होती आणि छत्रीखाली मोबाइल धरून, आता कोणाचे चित्रण करावे या विवंचनेत होती. एकोणसत्तर मिनिटे दोन्ही संघांनी चिखल इकडून तिकडे नेला. सत्तराव्या मिनिटाला आंजर्ल्याच्या एका बचावपटूने आपल्या गोलकीपरकडे बॉल मागे ढकलला. गोलकीपर पुढे धावला, घसरला आणि बसल्या जागी फिरला, आणि बॉल त्याच्या शेजारून सावकाश, कोणाचाही अपमान न करता, जाळ्यात गेला. गौरव त्या वेळी चाळीस यार्डांवर बुटाची नाडी बांधत होता. मिरकरवाडा एक, आंजर्ले शून्य.

सहा वर्षांनी जिंकले होते. त्या रात्री काशीरामांना शांत झोप लागली. कोल्हापूरचा कोच घाटावरच राहिला असे त्यांनी धरले.

सोमवारी कार्यकारिणीची बैठक झाली. नितेशने तक्ता भिंतीवर लावला होता.

“आपण का जिंकलो, ह्याचा शास्त्रीय विचार करू,” तो म्हणाला. “वजन केलं. अंडी केली. बर्फ, झोप, मालिश, सगळं केलं. फक्त एकच गोष्ट केली नाय. दादा, तुमीच लिहिलंय.”

“फुटबॉल,” काशीराम म्हणाले.

“शून्य मिनिटं. आणि बावीस वर्षं जेव्हा रोज करत होतो, तेव्हा काय होत होतं?”

“हरत होतो,” कार्यकारिणी एका सुरात म्हणाली.

“तो गोल त्यांनी त्यांच्याच—”

“दादा, कारणं देऊ नका. आकडे बघा.”

आकडे पाहण्यात आले. मैदानावरील सराव हा संघाच्या प्रगतीतील एकमेव अडथळा असल्याचे निष्पन्न झाले, आणि सरावच रद्द झाल्यावर सराव घेणाऱ्या माणसाचे प्रयोजन उरले नाही. कोल्हापूरच्या कोचलाही नकार कळवायचे ठरले, हा त्यातल्या त्यात समतोल. मुख्य प्रशिक्षक म्हणून गंगुबाईंची निवड झाली. त्यांना बोलावून घेण्यात आले. त्या आल्या, खुर्ची नाकारून भिंतीला टेकून बसल्या आणि ठराव पूर्ण ऐकून घेतला. काशीराम शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत खिडकीबाहेर पाहत होते.

“मी घेईन,” गंगुबाई म्हणाल्या. “पण गुरुवारी ह्यांच्या अंगात तेल मुरलं नाय. सगळं वर राहिलं, माझी वाटी फुकट गेली. बर्फात बसवलेल्या माणसाला तेल लावतात कधी? आधी घाम निघायला हवा.”

“मग काय करायचं?” नितेशने पेन सरसावले.

“रोज तासभर तापवा त्यांना. पळवा, धापा टाकू देत. मग माझ्याकडे पाठवा.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “कोण करील? काशीराम, तू काय करतोस आता?”

“काय नाय,” काशीराम म्हणाले.

“मग उद्यापासून ये. माझ्या हाताखाली.”

नव्या कागदावर सोळावे कलम लिहिले गेले: ‘मालिशपूर्व अंग तापवणे, साठ मिनिटे. जबाबदारी: श्री. तोडणकर, साहाय्यक मालिश विभाग.’ ठरावाला अनुमोदन स्वतः श्री. तोडणकर यांनी दिले.

“साहित्य काय लागेल, दादा?” नितेशने विचारले.

काशीरामांनी बराच विचार केल्यासारखे दाखवले. “एक बॉल मिळाला तर बरं होईल.”

नितेश थबकला. मालिशीत बॉलचा संबंध कसा येतो, हे त्याच्या वाचनात कोठे आले नव्हते. कार्यकारिणीने या मागणीची छाननी करण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती नेमली, आणि तिचा अहवाल येईपर्यंत बॉल, साहाय्यकांच्या वैयक्तिक जबाबदारीवर, तात्पुरता वापरण्यास मुभा दिली.