वरच्यांचे आभार

जेवणाआधी रोज कुणाचे तरी आभार मानायचे, अशी टूम चष्मेवाल्याच्या बायकोने काढली, तेव्हा चष्मेवाल्याने लगेच मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणून. बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे पाठोपाठ नियमही आले. कारण खरं हवं. जेवायला बसलेल्यांचे आभार मानायचे नाहीत, ती वशिलेबाजी. आणि वार्षिक सुट्टी लागली की ज्याचे सगळ्यात जास्त वेळा आभार मानले असतील, त्याला पहिल्याच दिवशी जेवायला बोलवायचं. हे आता दरवर्षी.

चष्मेवाल्याचे वडील या भानगडीत नव्हते. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी चार घास खाऊन ते बागेत बसायला जायचे.

सुरुवात झकास झाली. बसच्या ड्रायव्हरचे आभार झाले, डॉक्टरांचे झाले, कुकरचेसुद्धा झाले. मग चष्मेवाल्याचा साठा संपला. एकदा समोर जेवण निवत होतं, बायको बघत होती, आणि तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, "वरच्या मजल्यावरच्यांचे आभार. कधी म्हणून आवाज करत नाहीत बिचारे."

"वर कोण आहे?" बायकोने विचारलं. "घर बंद आहे की ते. किल्ली आपल्याच खिळ्याला असते."

तेवढ्यात वर एक खुर्ची सरकली. धाडकन नव्हे, अगदी अदबीने.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने मुद्दाम टपालवाल्याचे आभार मानले. वर कुणीतरी पाय आपटला. छताचा एक पोपडा थेट त्याच्या ताटात पडला. "आणि वरच्यांचेही," तो घाईघाईने म्हणाला. पाय थांबला.

झालं. तेव्हापासून ते रोजचंच झालं. लेक चिमी म्हणायची, "वरच्यांचे आभार. मी अभ्यास करते तेव्हा ते चालत नाहीत." बायको म्हणायची, "घरात सोबत वाटते," आणि नंतर स्वतःच दचकायची. वर खुर्ची सरकायची. कारणं खरी होती, हीच तर पंचाईत.

सुट्टी जवळ आली तशी चष्मेवाल्याची झोप उडाली. एका दुपारी जीव मुठीत धरून तो किल्ली घेऊन वर गेला. खिडक्या-कपाटांवर बोटभर धूळ. मधोमध एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. खुर्च्या तेवढ्या लख्ख. तो उलट्या पावली खाली आला.

"हे बघ, बोलवायचं वगैरे राहू दे," तो बायकोला म्हणाला.

"आपणच नियम मोडला तर पोरीने काय शिकायचं?" असं ती म्हणाली खरी, पण कुजबुजत.

"मी बोलावलंसुद्धा," चिमी म्हणाली. "छताकडे बघून. येतो म्हणाले."

"म्हणाले?"

"म्हणजे खुर्ची सरकवली."

सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे बाहेर पडले. इकडे चौथं ताट मांडलं गेलं. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. सावकाश एकेक पायरी उतरत ती दारापाशी येऊन थांबली. बेल वाजली.

"तू उघड," चष्मेवाला म्हणाला.

"ओळख तुम्ही काढलीत," बायको म्हणाली.

त्याने दार उघडलं. दारात बाबा. हातात वरची किल्ली.

"बागेतल्या बाकावर पाठ धरते रे," बाबा ओशाळून म्हणाले. "म्हणून वर बसतो."

चष्मेवाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बायकोही हसली, आणि मग तिने छताकडे बघितलं. "वर आमचं बोलणं ऐकू यायचं, बाबा?"

"सगळं. ड्रायव्हरचे झाले, कुकरचेही झाले. रोज वाटायचं, आज माझा नंबर लागेल."

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना हाताला धरून चौथ्या ताटावर बसवलं. चष्मेवाल्याने घसा खाकरला. "बाबा, लहानपणी तुम्ही मला पहिला चष्मा आणलात. तोवर झाड म्हणजे नुसता हिरवा ठिपका वाटायचा. त्याला पानं असतात हे मला तुमच्यामुळे कळलं. हे कधीच बोललो नाही." बाबांनी पंच्याने डोळे टिपले.

"पण तुमचं ते पाय आपटणं जरा जास्तच होतं हां," चष्मेवाला नाक पुसत म्हणाला.

"मी कशाला आपटू? गुडघे कुठे साथ देतात माझे?"

"आणि खुर्ची?"

"ती तो ओढून द्यायचा मला. 'बसा' म्हणायचा. 'आलात, बरं वाटलं' म्हणायचा, न चुकता. तुम्ही पहिल्यांदा त्याचे आभार मानलेत ना, तेव्हापासून तर फार खुशीत होता."

"तो म्हणजे कोण?" बायकोने विचारलं.

"ते मी विचारलं नाही. इतक्या अगत्याने कोण बसवतं हल्ली?" बाबांनी टेबलावर नजर फिरवली. "पण हे काय, ताटं चारच? आमंत्रण तर त्याला होतं. मी आपला वाट दाखवायला पुढे आलो."

"किल्ली तर तुमच्या हातात आहे," चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

"त्याला नाही लागत."

दाराबाहेरच्या पायपुसण्यावर कुणीतरी पाय पुसत होतं, नीट, एकेक करून. चष्मेवाला आणि बायको जागचे हलले नाहीत. चिमी उठली, पाचवं ताट घेतलं आणि एक खुर्ची मागे सरकवली, अगदी अदबीने.