बाबूभाईंचे जपानी प्याले

आमचे भिंगारचे शेजारी बाबूभाई शेख यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, पण दारूचे प्याले त्यांच्या घरी चौदा होते. तेही जपानी, बोटभर उंचीचे. कशावर चांदणी, कशावर तोफ, कशावर घोडा, कशावर एकमेकांत अडकवलेले दोन झेंडे. एक तर पालथा घातला की थेट फौजी टोप दिसायचा.

बाबूभाई पेंटर. लष्करी गाड्यांवर नंबर रंगवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. पहिला प्याला भंगारात सापडला, बाकीचे मोबाईलवरून मागवले. नवा आला की भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, जरा या." मी शाळेतून रिटायर झाले म्हणजे काही रिकामी बसलेली नव्हते. पण गेले नाही तर हा माणूस दिवसभर गाल फुगवून बसणार! मग भिंगातून घोड्याची शेपटी बघायची. ती ब्रशने एका दमात कशी ओढलीय, ते ऐकायचं. मी बोट पुढे केलं रे केलं, की ठरलेलं वाक्य यायचं, "बघा, पण हात न्हाई."

नमाजी माणसाच्या घरात ही भांडी शोभतात का, असं त्यांच्या बायकोने, भाभींनी, एकदा विचारलं. बाबूभाईंनी चौदाही प्याले पुन्हा साबणाने धुतले आणि विषय संपवला.

एकदा मीही वैतागून म्हटलं, परक्यांच्या लढाया कशाला जपताय? घरचा एक फौजी पुरे नाही का? त्यांचा एकुलता एक मुलगा जावेद फौजेत, सीमेवर होता.

बाबूभाईंनी घोड्याचा प्याला पालथा केला. तळाशी जपानी अक्षरं होती. त्यांचा अर्थ त्यांनी मोबाईलवर काढून ठेवला होता.

"हे शिपायाचं नाव. खाली लिवलंय, नोकरी पुरी झाल्याची आठवण. पोरगं फौजेतून घरी आलं की घरचे हे प्याले शेजारीपाजारी वाटायचे. म्हंजी बाई, ह्यो आला घरी. ह्ये चौदाबी आले."

लढाई जिंकल्याचे प्यालेही मिळायचे, पण ते त्यांनी कधी घेतले नाहीत. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

जावेदच्या रिटायरमेंटला दोन महिने उरले आणि सीमेवर गडबड सुरू झाली. त्याचा फोन बंद झाला. बाबूभाईंनी टीव्ही बंद केला. रोज सकाळी प्याले खाली काढायचे, धुवायचे, पुसायचे, परत मांडायचे. नवव्या दिवशी हाक आली, "बाई, जरा या." मी कणकेच्या हातांनीच धावले. बाबूभाई तोच प्याला पुन्हा पुन्हा पुसत होते. भाभींनीच सांगितलं, फोन आला, पोरगा खुशाल आहे. मी तिथेच पायरीवर बसले आणि चांगलं रडून घेतलं.

गेल्या महिन्यात जावेद ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूभाई ताट घेऊन गल्लीत निघाले. ताटात चौदा प्याले, प्रत्येकात खीर. घरटी एक. माझ्या दारात त्यांनी घोड्याचा प्याला पुढे केला. सवयीने मी हात मागे घेतला.

"हात लावा, बाई. तुमचाच हाय."

खीर संपवून मी प्याला पालथा केला. जपानी अक्षरांच्या शेजारी, गाडीच्या नंबरासारख्या ठसठशीत हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जावेद शेख. घरी आला.' रंग पुरता वाळला नव्हता. बोटाला लागला, तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.