बोलावणं आल्याशिवाय

मकरंदकाका कुठल्याही समारंभात दाराजवळची खुर्ची धरून बसतात. सत्यनारायण असो, साखरपुडा असो, नाहीतर इंग्लंडात कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा असो. पुढच्या चार रांगा मोकळ्या असल्या तरी काका दाराशीच. तिथे बसून ते अधूनमधून उजवा खांदा गोल फिरवतात, आधी पुढे, मग मागे. नवख्याला वाटतं, बिचाऱ्यांचा खांदा धरलाय. आम्हाला माहीत असतं की काका वॉर्मअप करताहेत. इथे काहीतरी बिघडणार आणि मग आपल्याला बोलावणार, याची त्यांना खात्री असते.

आणि बिघडतंच. मराठी माणसांची सभा असते ती.

गेल्या गणपतीच्या मीटिंगमध्ये महाप्रसाद केटररकडून आणायचा की घरोघरी वाटून करायचा, यावरून दोन डॉक्टर असे जुंपले की एकाने दुसऱ्याची डिग्री काढली. अध्यक्षांनी हताश होऊन दाराकडे पाहिलं. काका उठले. ते धावत येत नाहीत, रेंगाळतही नाहीत. संथ दुडक्या चालीने पुढे आले, माइक घेतला आणि म्हणाले, "स्कोअर सांगा."

"त्याचं असं झालं," पहिले डॉक्टर म्हणाले, "मागच्या वर्षी यांनी..."

"इतिहास नको. स्कोअर."

स्कोअर असा निघाला की भांडण फक्त पुऱ्यांचं होतं. पुऱ्या केटररकडून, बाकी घरून, असा निकाल देऊन काका परत दाराशी जाऊन बसले. आभार मानायला अध्यक्ष वळले तोवर ते खांद्याला शेक द्यायची पिशवी शोधत होते.

काका व्यवसायाने रिलीफ पिचर होते. अमेरिकेत, बेसबॉलमध्ये, पगार घेऊन. मंडळात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग घाईघाईने विचारतात, "म्हणजे नक्की काय?"

नागपूरहून त्यांचे डॉक्टर वडील इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हा काका शाळेत होते. फास्ट बोलर व्हायचं स्वप्न होतं, पण त्यांची ॲक्शन फेकी निघाली. नो-बॉल देऊन देऊन अंपायरचा हात दुखला. शेवटी पीटीच्या सरांनी त्यांना रविवारी पार्कात बेसबॉल खेळणाऱ्या लोकांकडे नेऊन सोडलं. "ज्या गुन्ह्याबद्दल क्रिकेटने मला हाकललं," काका सांगतात, "त्याच गुन्ह्याबद्दल तिकडे मला नोकरी दिली." तिथून अमेरिका, आणि मग बरीच वर्षं लहान लहान गावांच्या संघांमधून बसने फिरणं. सगळ्यात वरच्या लीगचं मैदान त्यांनी पाहिलं, पण तिकीट काढून.

पिचर म्हणजे बॉल फेकणारा. रिलीफ पिचर सामना सुरू करत नाही. सुरू करणारा दुसरा असतो. तो दमला किंवा झोडपला गेला की ह्याला आणतात. तोवर हा मैदानाच्या कोपऱ्यातल्या कुंपणाआड बाकावर बसतो. त्या जागेला बुलपेन म्हणतात. तिथे भिंतीवर एक फोन असतो. तो वाजला तर खांदा मोकळा करायचा आणि मॅनेजरने बोलावलं की मैदानात जायचं. स्वतःहून कुंपणाचं दार उघडायचं नाही. हा काकांचा धर्म आहे.

"आत गेलं की समोर काय असतं माहितेय?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "आधीच्या पिचरने बेसवर, म्हणजे अर्ध्या वाटेत, सोडलेली समोरच्या संघाची माणसं. ती पोचली तर रन त्याच्या नावावर लागतात, माझ्या नाही. पण मी उभा असताना पोचली ना? झोप माझी उडते."

एका हंगामात खांदा फाटला आणि क्लबने त्यांना सोडून दिलं. हे ऐकून मी टेबलावर मूठ आपटली होती. माणसाचा खांदा झिजेस्तोवर वापरायचा आणि मग नवा खांदा आणायचा, ह्याला शोषण म्हणतात, त्या खेळाडूंना युनियन नव्हती का, वगैरे. मी आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

"बरोबर आहे कॉम्रेड," काका म्हणाले. बसफेऱ्या कापल्या तेव्हा मी पत्रकं वाटत होते, तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणतात. "पण तो फोन वाजला की कसं वाटायचं, ते तुझ्या पत्रकात नाही."

हल्ली ते ड्रायव्हिंग शिकवतात. पहिल्या धड्यापासून कोणालाच नाही. दुसऱ्यांकडे शिकून टेस्टमध्ये आपटलेले लोक शेवटच्या काही लेसन्ससाठी काकांकडे येतात. मीही अशीच आले. राउंडअबाउटवर मी रडकुंडीला येऊन आधीच्या शिक्षकाची तक्रार सांगू लागले, तर म्हणाले, "इतिहास नको. उजवीकडे बघ."

त्यांनी लग्नही तसंच केलं, असं मंडळातले टवाळ म्हणतात. नंदिनीकाकू हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. नवरा संसार टाकून पुण्याला परत गेलेला, पदरात लहानगी सई. काकांनी सईला सायकल शिकवली, तिचा गणिताचा होमवर्क चुकीचा करून दिला, काकू गेल्यावर तिला युनिव्हर्सिटीत पोचवून आले. घरातला लँडलाइन त्यांनी अजून काढलेला नाही. जिन्याशेजारी भिंतीवर आहे. तो नंबर आता फक्त सई वापरते.

यंदा वसंतात सईला मुलगी झाली. ती मेडनहेडला राहते. हॉस्पिटलमधून तिने बोलावलं तेव्हा काका जाऊन आले. मग बारसं ठरलं. अर्ध्या मंडळाला व्हॉट्सॲपवर पाळण्याचं चित्र असलेलं कार्ड आलं. मलाही आलं. काकांना आलं नाही. वर बातमी अशी की पुण्याहून सईचे पप्पा येणार आहेत.

मी तडक काकांकडे गेले. दारात त्यांची एल-प्लेट लावलेली गाडी उभी होती. मागच्या सीटवर तान्ह्या बाळाची नवी कोरी सीट बसवलेली, वरचं प्लॅस्टिकही न काढता.

"शिकाऊ लोक घाबरतात तिला बघून," काका म्हणाले. "पण तयारीत असावं माणसाने."

"तुम्ही बारशाला जाताय ना?"

"बोलावणं नाही आलं." त्यांनी खांदा फिरवला. "सुरुवात करणारा परत आला असेल तर बुलपेनला कशाला फोन करतील? तसाच नियम आहे."

ते चहा टाकायला आत गेले. मी बाहेर फुटपाथवर येऊन सईला फोन लावला. भाषण तयारच होतं.

"तू काकांना बोलावलं नाहीस," मी म्हटलं.

"हॅलो टू यू टू," सई म्हणाली. "बाबाला मी कार्ड पाठवू? आर यू मॅड? घरच्यांना कोण बोलावतं? आई म्हणायची, घरच्याला आमंत्रण दिलं की तो पाहुणा होतो."

मी वळून काकांच्या खिडकीकडे पाहिलं.

"उलट तोच येत नाहीये," ती पुढे म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "टेबलं कुठे लावायची, पाळणा कोण बांधणार, सगळं त्याच्यासाठी ठेवलंय मी. मला वाटलं, पप्पा येतायत म्हणून रुसला."

"सई, त्यांना फोन कर. लँडलाइनवर. आत्ता."

मी आत जाऊन बसले. चहा गाळून होत होता तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. काकांनी गाळणं खाली ठेवलं, खांदा पुढे फिरवला, मागे फिरवला आणि मग रिसीव्हर उचलला.

"हं. स्कोअर सांग."

पलीकडून सई बोलू लागली. स्कोअर एवढा लांब नसतो. आईपासून सुरुवात होती, सायकल होती, बरंच काही असावं. काकांनी तिला एकदाही तोडलं नाही. भिंतीला टेकून, चहा निवेस्तोवर, त्यांनी सगळा इतिहास ऐकला.

बारशाच्या सकाळी आम्ही मेडनहेडला पोचलो तेव्हा हॉलचं कुलूपही उघडलं नव्हतं. काका पायरीवर अवघडून बसले. थोड्या वेळाने सई आली, एका हाताने बाळ छातीशी धरलेलं, दुसऱ्या हातात किल्ल्या आणि टेबलक्लॉथची पिशवी. तिने दार उघडलं. आतल्या रिकाम्या हॉलकडे काका बघत राहिले.

"सई," ते हळूच म्हणाले, "सुरुवातीला काय करायचं असतं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "आधी हिला धर."