अप्पांचा विरोध

शिवलिंगअप्पा किराणा दुकान चालवत होते की गिऱ्हाईक हाकलत होते, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. पोरानं ओट्यावर पाय ठेवला की गर्जना व्हायची, "खाली हो बे! आवाज कमी!" पोरानं तोंडही उघडलेलं नसायचं. एकदा एका पोराला शिंक आली, तर अप्पांनी त्याला गोळ्या न देताच परत पाठवलं. मी नेकनूरजवळच्या त्या गावात नवाच मास्तर होतो. शिंकेवरही कुणी चिडतं, हे बघून मी थक्क झालो.

असा माणूस शाळेच्या समितीवर कसा, असं सरपंचांना विचारलं तर ते म्हणाले, "गुरुजी, भाईर ठिवलं तर जास्त बोलतेत."

समितीत अप्पांचं एकच काम, विरोध. नवी घंटा? विरोध, जुनीच लई वाजते. घसरगुंडीचा विषय निघाला तेव्हा तर ते उभेच राहिले. "घसरताना पोरं वरडतेत, गुरुजी. चढताना गप ऱ्हातेत. तेवढी शिडी बसवा." मी निमूटपणे लिहून घेतलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तालुक्याहून पत्र आलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. घरी सांभाळणारं कुणी नसलं की पोरंही आईबापांबरोबर ट्रकमध्ये चढायची आणि चौथीचा वर्ग ओस पडायचा. तपासणीच्या दिवशी मुलं दिसली नाहीत तर चौथी बंद, असं पत्रात साफ लिहिलं होतं. मग पोरांनी ओढा ओलांडून शेजारच्या गावी जायचं. पोरींना तर कुणी पाठवणारच नव्हतं.

सभेत एक सदस्य म्हणाला, "होऊ द्या बंद. आता जमाना इंग्रजी शाळेचा हाय." त्याची मुलं जीपने बीडला जात होती. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या मनासारखा ठराव पहिल्यांदाच आला होता.

"इरोध," अप्पा म्हणाले.

"कावून, अप्पा?" सरपंचांनी विचारलं.

"जाणारी पोरं माझ्या घरी ठिवा. सातच तर हायत. घर रिकामंच हाय."

सरपंचांचा चहा धोतरावर सांडला. माझं पेन तसंच थांबलं. ओट्यावर पाय ठेवू न देणारा हा माणूस सात पोरं घरात घेणार! त्या सातांतल्या गयाची आई तर मला बाजूला घेऊन विचारती झाली, "मारतेत का वो गुरुजी?" खरं सांगतो, मला छातीठोकपणे नाही म्हणता आलं नाही.

अप्पांची बायको वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत. भाकरी थापायला शेजारच्या मावशी यायच्या. मी रोज सकाळी त्या सात पोरांचे गाल निरखून बघायचो. वळ कधी दिसला नाही. तपासणीला सातही जण हजर होते आणि चौथी वाचली.

वार्षिक परीक्षा संपली त्याच दुपारी ट्रक परतले. गयाच्या आईनं पोरीला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता थबकली. सरळ भांग, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी.

"कुणी घातल्या गं?"

गयानं अप्पांकडे बोट केलं. मी इतके महिने ते मावशींचं काम समजत होतो! अप्पा असे ओशाळले की जणू चोरी पकडली गेली. "दोरी वळतो तशीच वळायची. त्यात काय लई मोठं?" ते माझ्यावरच खेकसले.

पोरं आपापल्या बोचक्यांसह निघून गेली. अप्पा दारात उभे राहिले. हातात पोरींची फणी राहिली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, आया तोडीनं दमलेल्या हायत. सकाळी उठायच्या न्हाईत. पोरींना हिकडंच धाडा म्हणावं. येण्या घालून मी शाळंत पोचवतो."

दुसऱ्या दिवसापासून उन्हाळ्याची सुट्टी होती. मला ते सांगण्याची हिंमत झाली नाही.