एकतीस मार्चपर्यंत वैध

शिक्रापूरच्या हमरस्त्यावर कागदपत्रं चोख असलेला हॉटेलवाला एकच, आन् तो म्हंजी आपण, असं सावळारामआबा छातीठोक सांगायचे. हॉटेल उघडून तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता.

कवठे येमाईच्या आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मटणातलं त्यांना सगळं कळायचं, कागदातलं काही कळत नसे. ही दुसरी गोष्ट तेवढी ते कुणाला सांगत नसत.

अठ्ठ्याण्णव सालच्या पाडव्याला उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी, सत्तावीस मार्चला, आबा परवाना काढायला तालुक्याच्या कचेरीत गेले. जयसिंग कारकून भला माणूस. चार दिवस थांबा, एक तारखेला या, असं तो परोपरीनं सांगत होता. आबांना वाटलं, हा टोलवतोय. त्यांनी तिथंच बाकावर बैठक मारली. संध्याकाळी जयसिंगनं हात टेकले आणि परवाना लिहून दिला. खाली लिहिलं होतं, ‘३१ मार्चपर्यंत वैध’. यंदाचा मार्च तर संपतच आलाय, म्हणजे हा पुढल्या सालचाच, असा हिशेब आबांनी मनाशी केला आणि शेजारचं साल काही वाचलं नाही.

पाडवा दणक्यात झाला. परवाना काचेत घालून भिंतीवर टांगला. पण ट्रकवाले सवयीनं समोरच्या रखमाजीकडंच वळत, आणि रखमाजीचं हॉटेल तर सात वर्षं विनापरवाना चाललेलं. आबांना ते बघवेना. सोमवारी त्यांनी कचेरीत तक्रार अर्ज दिला. मागून वार करणं बरं नव्हे म्हणून रखमाजीला तोंडावर सांगूनही आले. बुधवारी, एक तारखेला, रखमाजी सकाळच्या एसटीनं तालुक्याला जाऊन आला.

शुक्रवारी साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं, तसं आबांनी चाळीस माणसांचं मटण चढवलं. समोरचं बंद झालं की गिऱ्हाईक जाणार कुठं?

साहेब समोर गेले, कागद बघून परत आले. रखमाजीचा परवाना पुढच्या मार्चपर्यंत होता. मग त्यांनी आबांची चौकट उतरवून वाचली.

“आबा, हा मंगळवारीच संपला.”

“संपला कसा? शाई वाळली न्हाई अजून.”

“परवान्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. कधीही काढा, एकतीस मार्चला संपतो.”

नूतनीकरण करावं लागणार होतं. मुदत टळल्यामुळं वर दंडही होता, आणि सही करणारे अधिकारी सोमवारी भेटणार होते. तोवर हॉटेल बंद. साहेब गेले, आणि आबा रटरटणाऱ्या पातेल्याकडं बघत उभे राहिले.

त्यांची बायको धुरपदा चुलीपासून उठली. तिनं पदर खोचला, दोन फडकी घेतली आणि पातेल्याचा एक कान धरला.

“अवं, बघताय काय? दुसरा कान धरा.”

“कुठं न्यायचं?”

“रस्त्यापल्याड.”

रखमाजीनं पुढं होऊन पातेलं आत घेतलं. आबांना मात्र तिथून निघवेना. मटण कसं उतरलंय ते बघायला म्हणून ते कोपऱ्यात बसले. ट्रकवाले वाटीवर वाटी रस्सा मागत होते. एका सरदारजीनं बोटं चाटत रखमाजीला हाक मारली.

“सेठ, आज मजा आ गया. नया खानसामा रखा क्या?”

रखमाजीनं कोपऱ्याकडं बघितलं. आबांनी मान खाली घातली.

“रखा है,” रखमाजी म्हणाला, “सोमवार तक.”