प्रवाळांवरचा पहारा

मला कुणी फसवू शकत नाही. शाहूपुरीत माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि पुडा न फोडता माल असली की नकली ते मी सांगतो. त्यामुळे नव्याण्णव साली बाहेरच्या खोलीत काचेची टाकी बसवून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पाच जिवंत प्रवाळं मागवली, तेव्हा घरात मी आधीच जाहीर केलं, "समुद्र कोल्हापुरात आला तर तो या प्रभुलिंगच्या घरात येणार. आणि एकही जीव दगावणार नाही!"

रात्रीच्या बसनं थर्माकोलचा खोका आला. आत पाण्यानं भरलेल्या पाच पिशव्या, प्रत्येकीत एकेका दगडाला चिकटलेलं, तोंड मिटून बसलेलं एकेक प्रवाळ. रुसलेले जावईच जणू. सोबत व्यापाऱ्यानं दोन पानी सूचना लिहून दिल्या होत्या. पिशव्या अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा. मग बारीक नळीनं टाकीतलं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडा, तासभर. पिशवीतलं पाणी टाकीत घालू नका. पहिला आठवडा दिवे कमी, जागा तळाशी. आणि शेवटी लाल शाईत : पाण्यातल्या मिठाचा काटा पंचवीसवर ठेवा, घसरला किंवा चढला तर माझी जबाबदारी नाही.

तेव्हाच मला संशय आला. जबाबदारी झटकायची एवढी घाई कुणाला असते?

पण मी सगळं अक्षरशः केलं. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, दिवाणावर बसून बघत होती. मी पोत्यातलं समुद्री मीठ बादलीत कालवायला लागलो तशी म्हणाली, "एवढं मीठ कशापायी रं?"

"अव्वा, यांचा जीवच मिठात असतोय," मी ऐटीत सांगितलं. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

चौथ्या दिवशी प्रवाळं उमलली. हिरवट बोटं पाण्याच्या झोतात डुलायला लागली. संध्याकाळी शेजारचा आकाराम दूध घेऊन आला. परड्यात दोन म्हशी बाळगणारा, माझा वीस वर्षांचा दोस्त. टाकीसमोर उभा राहिला तो हलेचना.

"आयला, लै देखणं हाय की. डोळं हटंना झाल्यात माझं."

दुसऱ्या दिवशी एक प्रवाळ मिटलं, तिसऱ्या दिवशी तीन. मी काटा बघितला तर सव्वीस. मग सत्तावीस. मग अठ्ठावीस!

आता सांगा, पाणी आपोआप खारट होतं का? थोडं आटतं, तेवढं मी रोज साधं पाणी घालून भरून काढत होतो. म्हणजे कुणीतरी मीठ टाकत होतं. पहिला संशय अर्थातच बायकोवर. टाकीच्या जागी रुद्राणीला शोकेस हवं होतं.

"तुमच्या डबक्यात मीठ टाकाय मला येळ हाय व्हय?" ती म्हणाली. तिचं उत्तर फारच सरळ होतं, त्यामुळे संशय वाढला.

मग मी सापळा लावला. टाकीच्या झाकणावर एक पांढरा दोरा ठेवून दुकानात गेलो. रात्री जेवायला आलो तर दोरा खाली पडलेला. अव्वाला विचारलं, "संध्याकाळी घरात कोण आलतं?"

"कोण येतंय? आकाराम आलता की दूध घिऊन."

आकाराम! आमच्या टाकीवरून त्याची नजर हटत नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. सकाळी मी तडक त्याच्या गोठ्यावर गेलो आणि म्हशींसमोरच त्याला म्हणालो, "माझ्या टाकीत मीठ तू टाकतोस."

"प्रभू, मी म्हशीस्नी पुरतं मीठ घालत न्हाय, तुझ्या दगडास्नी कुठनं घालू?" मग हातातली किटली त्यानं शांतपणे उलटी ठेवली. "उद्यापास्नं दूध दुसरीकडं बघ."

त्या दिवसापासून घरात कोरा चहा सुरू झाला. पण काटा काही थांबला नाही. एकोणतीस, तीस. पाचही प्रवाळं आक्रसून सुपारीएवढी झाली. मला अन्न जाईना. आणि त्यात टाकीच्या गाळणीत मला अंडी सापडली. बारीक, गोल, काळपट, चांगली पन्नासेक. आता उलगडा झाला. व्यापाऱ्यानं प्रवाळांबरोबर कुठल्यातरी समुद्री किड्याची अंडी पाठवली होती! लबाडाला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी ती गोड्या पाण्यात धुऊन वाटीत ओल्या कापसावर ठेवली आणि वाटी खिडकीत लपवली. किडा बाहेर आला की त्याच्यासकट मुंबई गाठणार होतो.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. प्रत्येकातून दोन हिरवी पानं बाहेर आली.

रुद्राणीनं वाटीत नुसतं डोकावलं. "अवो, ही मोहरी हाय."

आम्ही दोघंही एकदम अव्वाकडे वळलो. ती जपमाळ ओढत होती, तशीच ओढत राहिली.

"मग? फुलं उमलली आन् आकाराम डोळं लावून बघत हुता. दिष्ट काढाय नगो? रोज दिवं लागायच्या वक्ताला काढतोय. पाच जणांची पाच मुठी मीठमोहरी."

"पण ती चुलीत टाकायची असते, अव्वा!"

"गॅसवर टाकली तर रुद्राणी खोकतीया. मग वाहत्या पाण्यात सोडायची. तुझ्या टाकीत पाणी वाहतंयच की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् त्यांचा जीव मिठात असतोय, तूच सांगितलास न्हवं?"

माझ्या प्रवाळांचा जीव घेत होती ती माझी आई, आणि तेही त्यांच्या जिवाच्या काळजीनं.

मग आठ दिवस रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं. काटा पंचवीसवर आला. चार प्रवाळं हळूहळू उमलली, पाचवं गेलं. ते का गेलं हे अव्वाला मी आजही सांगितलेलं नाही. मग गोठ्यावर जाऊन आकारामचे पाय धरले. त्यानं दोन शिव्या घातल्या, किटली सुलटी केली आणि संध्याकाळी दूध घेऊन आला. टाकीसमोर उभा राहिला.

"पयल्यापरीस भारी दिसाय लागल्यात, गड्या."

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग आत जाऊन हळूच म्हणालो, "अव्वा, जरा मीठमोहरी घे. फक्त चुलीत टाक. रुद्राणी खोकली तरी चालंल."